डाव्या हाताची पेटी

मी पेटी डाव्या हाताने वाजवते, आणि चांगली वाजवते. चांगली वाजवते हे आधी सांगून टाकावं लागतं, कारण लोकांना डावा हातच आधी दिसतो. कुणी म्हणतं, लहानपणी उजव्या हाताला काही लागलं असेल. कुणी म्हणतं, पोरगी जन्माचीच डावरी. मी डावरी नाही. जेवते उजव्या हाताने, भाकर थापते दोन्ही हातांनी, आणि वेळ आली तर कानाखाली उजव्याच हाताची देते. पेटी तेवढी डावी. ती तशी का झाली आणि तशीच का राहिली, ते एकदा नीट सांगते.

त्या काळी तळेगावात सिनेमा उन्हाळ्यापुरताच असायचा. होळी झाली, शेतं रिकामी झाली, की रूपरावांचा तंबू बाजाराच्या पटांगणात उभा राहायचा. दुपारच्या उन्हात बैलगाडीवर रंगीत पोस्टर लावून, पुढे डफडं वाजवत, त्यांचा माणूस गावभर ओरडत फिरायचा. दिवेलागणीला इंजिन धडधडू लागलं की आमच्या वस्तीतल्या बायका चुलीवरचं अर्धं टाकून निघायच्या. बसायला पोतं, खायला रानातली टेंभरं, आणि एखादीच्या पदरात भाजलेले हरभरे.

तंबूच्या मधोमध पांढरा कापडी पडदा असायचा. यंत्राच्या बाजूला बसणारे ते समोरचे. पडद्यापलीकडे, नाल्याच्या काठापर्यंत जी मोकळी जागा उरायची, ती मागची. मागचं तिकीट निम्मं. आमची सगळी वस्ती मागे. तसं कुठे लिहिलेलं नव्हतं. लिहिलेलं असतं तर निदान खोडता तरी आलं असतं.

पातळ कापडातून चित्र मागेही दिसायचं, फक्त आरशात दिसावं तसं, डाव्याचं उजवं होऊन. पण ते उलटं आहे हे कळायला सुलटं कुणी पाहिलं होतं? सिनेमातली नावं इंग्रजीत यायची, आणि इंग्रजी आमच्यात कुणालाच येत नव्हतं. त्यामुळे आम्हाला जे दिसायचं तेच खरं.

माझी सीताआत्या सिनेमाची भारी शौकीन, पण सिनेमावाल्यांवर तिचा एक राग होता. ते डाव्या हाताने जेवायचे. हिरो असो, हिरोईन असो, सावकार असो, ताट पुढे आलं की डावा हात. आत्या दरवेळी पदर तोंडाला लावायची आणि म्हणायची, "रूप पाहा कसं, अन् रीत पाहा कशी! शहरातले लोकं असेच, बापा." हे तिच्या डोक्यात इतकं पक्कं बसलं होतं की मुंबईच्या गिरणीतला एक मुलगा मला सांगून आला, तेव्हा तिने पगार विचारला नाही, घर विचारलं नाही. पहिला प्रश्न, "पोरगा जेवते कोन्या हातानं?" पाहुणे चहा न घेताच गेले. मला त्याचं फारसं वाईट वाटलं नाही, मुलगा फोटोत तरी काही बरा दिसत नव्हता.

आता पेटीचं. माझे बाबा, कवडू, यांनी नागपूरहून एक जुनी पेटी आणली होती. त्यांना स्वतःला तिच्यावर एक सूर धरून ठेवण्यापलीकडे काही येत नव्हतं. गावातल्या भजनी मंडळात पेटी शिकवणारे एक मास्तर होते, पण ते मला शिकवणार नव्हते. का, ते त्यांना विचारायला गेलो नाही, ठाऊकच होतं. मग मी सोळाची असताना रूपरावांनी एक सिनेमा आणला. त्याचं खरं नाव मला आठवत नाही, आमच्याकडे त्याला भाकरीचा सिनेमा म्हणत. हिरोला दोन दिवस उपास घडलेला असतो, आणि शेवटी भावजय त्याला स्वतःच्या ताटातली भाकर देते. त्या जागी आख्ख्या जिल्ह्यातल्या बायका रडल्या असतील. मी मात्र वाट पाहायची ती पुढच्या गाण्याची. जत्रेत एक माणूस पेटी वाजवतो, आणि त्याची बोटं पडद्यावर एवढी मोठी दिसतात, खाटेएवढी. मी तो सिनेमा अकरा वेळा पाहिला. घरी येऊन पेटी पुढे घ्यायची, त्याच्यासारखं बसायचं, त्याच्यासारखा उजव्या हाताने भाता हलवायचा आणि डाव्या हाताची बोटं पट्ट्यांवर ठेवायची.

सुरुवातीला भलतेच सूर निघायचे. त्याची बोटं जिकडे जायची तिकडे माझी नेली की गाणं दुसरीकडेच जायचं. मग मी ठरवलं, बसायचं डोळ्यांनी पाहून आणि वाजवायचं कानांनी ऐकून. पडद्याला मागची बाजू असते, आवाजाला नसते. दोन वर्षांत गाणं ऐकलं की पेटीवर उतरायला लागलं. माझा मोठा भाऊ श्रावणदादा गाणी रचायचा आणि गायचा, वस्तीतलाच प्रेमदास ढोलकी वाजवायचा, आणि मी पेटीवर. आमची गायन पार्टी झाली. आष्टीपर्यंत आमचं नाव होतं, आणि माझा डावा हात कुणाला खटकला नाही, कारण पेटी जवळून पाहिली होतीच कुणी?

मग छप्पन साल आलं. ऑक्टोबरात नागपूरला दीक्षा झाली, आम्ही सगळे गेलो होतो. डिसेंबरात बाबासाहेब गेले, आणि तो सगळा हिवाळा वस्तीत पेटी उघडली नाही. होळीनंतर रूपरावांचा तंबू आला तेव्हा कुणाला सिनेमाचा उत्साह नव्हता. पण एका संध्याकाळी लिंबाखाली सगळे बसले असताना सीताआत्या एकदम म्हणाली, "सिनेमाले जाऊ. पण आता मांगं नाई बसाचं."

एवढंच. भाषण नाही, ठराव नाही. दुसऱ्या दिवशी आम्ही चाळीस माणसं निघालो. बायकांनी धुतलेली लुगडी नेसली होती, आणि आत्या सगळ्यांच्या पुढे.

रूपराव खिडकीत बसले होते. त्यांनी सवयीने मागच्या तिकिटांचं पुस्तक ओढलं.

"ते नोको," आत्या म्हणाली. "सामनेचे दे. चाळीस."

"काऊन व सीताबाई? मांगं हवा लागते. सामने लय गरमी होते."

"होऊ दे गरमी. इतके साल हवा खाल्ली, आता सिनेमा पाहू."

रूपराव वाईट माणूस नव्हते. धंदेवाले होते, आणि धंदेवाल्याला चाळीस समोरची तिकिटं एकदम खपताना दिसली की बाकीचं अंधुक दिसतं. त्यांनी एकदा तंबूत डोकावून पाहिलं आणि तिकिटं फाडली. आम्ही आत जाऊन बसलो तेव्हा दहाबारा जण उठून बाहेर गेले. पहिलं गाणं लागलं तसे एकेक करून परतही आले. पैसे देऊन बाहेर उभं राहण्याइतका त्यांचा धर्म पक्का नव्हता.

नवा सिनेमा यायला उशीर झाला होता, म्हणून रूपरावांनी पुन्हा भाकरीचाच सिनेमा लावला होता. आम्हाला तो तोंडपाठ. पण पहिल्यापासून काहीतरी चुकल्यासारखं वाटत होतं. घराचं दार भलतीकडे. हिरोच्या गालावरचा तीळ इकडचा तिकडे. मी डोळे चोळत होते. मग भावजयीने भाकर दिली, आणि हिरोने ती उजव्या हाताने घेतली.

सीताआत्या उभीच राहिली. "व माय! हा त सुधरला!"

तंबूभर हशा झाला. समोरचे हसले, मशीनवाला हसला, आमची चाळीस माणसं तर लोळली. आत्या मात्र मनापासून खूश झाली होती, शेजारणीला सांगत होती, "पाह्य, सांगितलं कोनीतरी त्याले."

मी हसले नाही. मला पुढचं गाणं दिसायला लागलं होतं. जत्रा आली, पेटीवाला आला, त्याची खाटेएवढी बोटं आली. उजव्या हाताची. डाव्या हाताने तो भाता हलवत होता. माझे हात मांडीवर होते, आणि ते कुण्या दुसऱ्याचे असल्यासारखे मी त्यांच्याकडे पाहत राहिले. श्रावणदादाही पडद्याकडे पाहत नव्हता. तो माझ्या हातांकडे पाहत होता.

घरी येताना त्याने मला मागे थांबवलं.

"पुनवेले वर्ध्याले आपला कार्यक्रम हाय," तो म्हणाला. बुद्धपौर्णिमेला वर्ध्यात मोठा गायनाचा जलसा ठरला होता, नागपूरची नामवंत पार्टी येणार होती, आणि जिल्ह्यातून फक्त आम्हाला बोलावणं होतं. "तेवीस दिवस हायेत. उजव्या हातानं वाजवाले शिक."

"काऊन? सूर त बराबर लागतात ना?"

"सुराचं नाई म्हनत मी. तिथं पेटी समजनारे लोक असतीन. कोनी विचारलं, पोरी, हे उलटं कुठं शिकली, त का सांगशील? पडद्याच्या मांगं बसून? आपन ते सारं टाकून देल्लं, सुलोचना. आता ते हातात घेऊन वर्ध्याले जाचं का?"

मला राग आला, आणि रडूही आलं. रागाला उत्तर सुचलं असतं, पण त्याचं म्हणणं खोटं नव्हतं. तीन वर्षं जी बोटं मला माझी वाटत होती, ती आता माझ्या डोळ्यांसमोर चुगली करत होती. आम्ही कुठे बसवले गेलो होतो, ते माझा हात न विचारता सांगणार होता. मी म्हटलं, "शिकते."

तेवीस दिवस मी उजव्या हाताने वाजवलं. सकाळी ऊन चढायच्या आत, दुपारी ओलं फडकं डोक्यावर ठेवून, आणि संध्याकाळी सगळी वस्ती सिनेमाला गेली की एकटी. त्या उन्हाळ्यात रूपरावांनी तीन नवे सिनेमे आणले, आणि वस्तीने तिन्ही समोर बसून पाहिले. मी एकही पाहिला नाही, हे मला अजून सलतं. उजव्या हाताची बोटं अडाणी होती. सोपी चाल वाजायची, पण दादाने तान घेतली की ती मागे पडायची, आणि मी पोरीसारखी पट्ट्यांकडे बघत राहायची. प्रेमदास ढोलकीवरून मान हलवायचा. दादा म्हणायचा, "जमते, जमते." त्याला खोटं बोलता यायचं नाही, कान लाल व्हायचे.

पौर्णिमेच्या आदल्या दिवशी आम्ही तिघं आणि हट्टाने आलेली सीताआत्या बैलगाडीने आर्वीला आलो, तिथून छोट्या आगगाडीने पुलगाव, आणि तिथून मोठ्या गाडीने वर्धा. पेटी सगळा वेळ माझ्या मांडीवर होती. कार्यक्रम एका जिनिंगच्या आवारात होता. कापसाचा मोसम संपल्यामुळे ते रिकामं होतं, जमिनीवर सडा मारला होता, आणि तरीही खालून ऊब येत होती. माणसं किती होती ते मला सांगता येणार नाही. कारंज्याची, आष्टीची, हिंगणघाटची, देवळीची, गाड्या जुंपून आलेली. बायका एका बाजूला, पांढऱ्या लुगड्यांनी ती बाजू चांदण्यासारखी उजळली होती. एवढी माणसं बघून मला भीती वाटायला हवी होती. खरं सांगते, मला आनंद झाला. एवढ्या लोकांपुढे आपण वाजवणार, या विचाराने छाती भरून आली, आणि मग उजवा हात आठवला.

आधी नागपूरची पार्टी गायली. त्यांचे पेटीमास्तर तानबाजी, पन्नाशीचे, डोळ्यात सुरमा, बोटांत दोन अंगठ्या. माणूस वाजवायला बसला की पेटी त्याला घाबरून सूर देते असं वाटायचं. टाळ्यांनी पत्रे हलले. मग आमचं नाव पुकारलं. तानबाजी जागा रिकामी करून मंचाच्या कडेलाच पान खात बसले.

दादाने धरलं. पहिला मुखडा नीट गेला. दुसऱ्या कडव्यात लोकांच्या वाहवा ऐकून त्याला चेव आला आणि त्याने वर झेप घेतली. माझी बोटं खालीच राहिली. एक सूर चुकला, मग दुसरा. दादाने माझ्याकडे पाहिलं, पुन्हा मुखड्यावर आला, पुन्हा वर गेला, आणि पुन्हा तेच. समोर कुजबुज सुरू झाली. मागून कुणीतरी ओरडलं, "पेटी बंद करा, नुसतं गाऊ द्या!"

ते ऐकलं आणि माझं डोकं फिरलं. मला काहीही बोला, पण पेटी बंद करा म्हणू नका. मी हात बदलले. उजवा भात्याला, डावा पट्ट्यांवर. दादा वरच्या सुरावर एकटा लोंबकळत होता, तिथे जाऊन मी त्याला धरलं, आणि तिथून दोघं मिळून खाली उतरलो, एकही पायरी न चुकता. प्रेमदासने ढोलकीवर अशी थाप दिली की पुढची पोरं दचकली. कुजबुज थांबली. कडवं संपलं तेव्हा पहिली टाळी बायकांतून आली.

टाळ्या ओसरल्या आणि तानबाजी पुढे झुकले. ते रागाने बोलले नाहीत, गमतीनेच बोलले, पण माईक जवळ होता.

"वाजवतं त झकास, पोरी. पन हे उलटी पेटी कोन्या उस्तादानं शिकवली?"

सगळं आवार हसलं. दादाचा चेहरा उतरला. त्याने माझ्याकडे पाहून हळूच मान हलवली, काही बोलू नको. तेवीस दिवस आम्ही ज्याला भीत होतो तो प्रश्न येऊन समोर बसला होता. मी खोटं बोलू शकले असते. जन्माचीच डावरी आहे म्हटलं असतं तर विषय संपला असता. पण मी समोर पाहिलं, त्या पांढऱ्या लुगड्यांकडे, आणि माझ्या मनात एक साधा हिशेब आला. रूपरावांसारखे तंबू जिल्हाभर फिरायचे. मग ही एवढी माणसं आजवर कुठे बसत होती?

मी माईक ओढला.

"मास्तर, सांगते. पन पयले मले एक इचारू द्या." मी लोकांकडे वळले. "भाकरीचा सिनेमा पाह्यला ना सार्‍यायनं? भावजय भाकर देते तो? मंग सांगा, हिरो कोन्या हातानं जेवते?"

मग बायकांतून एक म्हातारा आवाज आला, आमच्या गावचा नव्हता, "डाव्या, व माय!" आणि लगेच सगळीकडून, कारंज्याकडून, देवळीकडून, पोरं, पुरुष, सगळे, "डाव्या! डाव्या हातानं!" आवार दणाणून गेलं.

"नाई," मी म्हटलं. "तो उजव्या हातानं जेवते. यंदा आमी सामने बसून पाह्यलं."

माणसं एकमेकांकडे पाहत होती. बाप लेकाकडे, सासू सुनेकडे. शेजारच्या गावचा शेजारच्या गावच्याकडे. आपल्याच गावात असं होतं आणि ते कुणाला सांगू नये, असं प्रत्येकाला वाटत आलं होतं. आता सगळ्यांनी एका तोंडाने सांगून टाकलं होतं.

तानबाजींच्या तोंडातलं पान तसंच राहिलं. ते स्वतःच्या दोन्ही हातांकडे पाहत होते. मग हळूच म्हणाले, आणि तेही माईकमध्ये गेलं, "मी त आजवर समजत होतो, तो हिरो डावराच हाय."

मग जे हसू उठलं तसं मी पुन्हा कधी ऐकलं नाही. लोक हसत होते आणि पदराने, पटक्याने डोळे पुसत होते. सीताआत्या उभी राहून सगळ्यांना सांगत होती की हिरो सुधारला हे तिनेच आधी ओळखलं होतं. कुणी तिचं ऐकत नव्हतं.

हसू थांबल्यावर मी म्हटलं, "मास्तर, मी बी तिथंच बसून शिकली. पडद्याच्या मांगं. तोच माह्या उस्ताद."

तानबाजी उठले. आमच्या बाजूला आले आणि पेटीपुढे वाकून त्यांनी भात्यावरची धूळ आपल्या उपरण्याने पुसली. मग जाऊन बसले.

आता पुढचं गाणं धरायचं होतं. सवय तेवीस दिवसांची होती, म्हणून माझा उजवा हात आपसूक पट्ट्यांकडे गेला. श्रावणदादाने तो धरला, उचलला आणि भात्यावर नेऊन ठेवला.

"डावाच ठेव," तो म्हणाला.

त्याचे कान लाल झाले नव्हते. मी डाव्या हाताने सूर दिला, आणि तो त्या सुरावर उभा राहून गायला लागला.